पानिपतावरचं पुस्तक हाती घेताना

पोरी, पानिपताच्या मोहिमेवर नीट वाचायचं म्हणतेस, तर पुस्तक निवडताना काय बघायचं ते सांगतो. यातलं बरंचसं मला पौडच्या शाळेत आमच्या गुरुजींकडून मिळालं. ते हयातभर वाचत राहिले, आणि वाचलेलं पोरांच्या कानावर घालत राहिले. आता ते तुझ्याकडे जायला हवं.

पुस्तक शेवटाकडून उघडायचं. मुखपृष्ठावरचा उधळलेला घोडा आणि उगारलेली तलवार बघून काही कळत नाही. मागे टिपा आहेत का, साधनांची यादी आहे का, नावांची सूची आहे का ते बघ. मग मधलं कुठलंही एक पान काढ आणि त्यातलं एक ठाम वाक्य धर. 'सदाशिवरावभाऊंनी अमक्याला असं सुनावलं', 'अब्दालीने तमकं ठरवलं', असलं काहीतरी. हे लेखकाला कुणी सांगितलं? पत्रात आहे? बखरीत आहे? की लेखकाच्या मनात आलं? पुस्तकात याचं उत्तर सापडलं तर ते घरी आण. नाही सापडलं तर भाषा कितीही झणझणीत असो, परत ठेव.

आपल्या मुळशीकरांना तर ही सवय हवीच. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, इथे धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांची नावं तुला माहीत आहेत. त्या लढ्याचे धरणवाल्यांच्या बाजूचे कागद वाचलेस, तर वीज, मुंबईच्या गिरण्या आणि मोबदला एवढंच दिसेल. जुन्या घरांतून ऐकलंस तर बुडालेली भातखाचरं, देवळं आणि जप्त झालेली भांडीकुंडी ऐकू येतील. दोन्ही खरं आहे, आणि एकावर भागत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टीची ही तऱ्हा, तर १७६१ च्या गोष्टीला किती तोंडं असतील!

म्हणून लेखक कुणाचं ऐकतोय हे बघ. पानिपतावर सगळ्यात जास्त वापरला गेलेला एक वृत्तान्त काशीराज पंडिताचा. तो होता दक्षिणी ब्राह्मण, पण नोकरी शुजाउद्दौल्याकडे, म्हणजे अब्दालीच्या गोटात. त्याने डोळ्यांनी बघितलं, हे त्याचं मोठेपण. पण लिहिलं सुमारे वीस वर्षांनी, फारसीत, आठवणीवरून. मराठ्यांच्या डेऱ्यात काय बोलणं झालं हे त्याला ऐकूनच ठाऊक. चांगला लेखक काशीराज वापरतो तेव्हा हे सगळं वाचकाला सांगतो. वाईट लेखक त्यातले संवाद जसेच्या तसे उचलतो आणि जणू स्वतः तंबूच्या दाराशी उभा होता अशा थाटात छापतो.

नाना फडणीस मराठ्यांच्या बाजूने तिथे होते. वय विशीच्याही आत. जीव वाचवून परतले, आई मात्र त्या धामधुमीत कायमची हरवली. त्यांचं छोटंसं आत्मचरित्र उपलब्ध आहे. ते पोरवयातल्या एका जिवाचं सांगणं आहे, सेनापतीचं नव्हे, हे लक्षात ठेवून वाच. भाऊसाहेबांची बखर तर वाचच वाच. असं मराठी गद्य फार थोडं आहे. पण बखरकार माणसांचे राग, मान-अपमान रंगवण्यात रमतो, तारखा आणि आकडे त्याच्या हातून निसटतात. बखरीतला आकडा कुणी तपासणीशिवाय दिला की समजावं, या लेखकाला घाई झाली आहे.

आणि आकड्यांचं तर विचारूच नकोस. मराठ्यांची लढती फौज जदुनाथ सरकारांनी पंचेचाळीस हजारांच्या आसपास धरली, तर बखरींत लाखांची भाषा आहे. लढणारे किती, बाजारबुणगे किती, यात्रेकरू किती, बायकापोरं किती, हे वेगळं करून सांगणारं पुस्तक शोध. भाऊंच्या लष्कराबरोबर उत्तरेची तीर्थं करायला निघालेली माणसं होती. ती सगळी 'फौज' या एका शब्दात कोंबली, तर मोहीम कशाने अडली ते कधीच कळायचं नाही.

आता माझी सगळ्यात आवडती कसोटी. पुस्तकाची पानं मोज. १७ ऑक्टोबर १७६० ला मराठ्यांनी कुंजपुरा घेतला. १४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. या दोन तारखांच्या मधल्या तीन महिन्यांना लेखकाने किती पानं दिली? बरीच पुस्तकं कुंजपुऱ्याचा विजय साजरा करून एका उडीत शेवटच्या दिवसावर येतात, आणि मग तोफा, हत्ती, पेशवेपुत्र विश्वासरावांना लागलेली गोळी यांत रमतात. त्या दिवसाचं वर्णन हवंच. पण मोहीम त्याआधीच्या थंडीत हरली गेली. जो लेखक त्या थंडीत तुला बसवून ठेवतो, तुझ्यासमोर धान्याचे भाव चढवतो, जनावरं मरताना दाखवतो, त्याला मोहीम समजली आहे.

घोड्यांचाच हिशोब तू स्वतः करून बघ. पन्नास हजार घोडी धर, आणि एका घोड्याला दिवसाला कमीत कमी दोन शेर चंदी. रोजचे एक लाख शेर झाले, म्हणजे अडीच हजार मण. एका बैलावर तीन मण लादले, तर नुसत्या चंदीसाठी रोज आठशेहून जास्त बैल छावणीत यायला हवेत. वैरण वेगळी, माणसांचं धान्य वेगळं. हे अडीच महिने, एका जागी, वाटा तुटलेल्या असताना. हा हिशोब डोक्यात आला की गोविंदपंत बुंदेल्यांना रसदेसाठी भाऊंनी धाडलेल्या पत्रांमधली तगमग वेगळीच जाणवते. ते गोविंदपंत डिसेंबरात मारले गेले आणि दोआबातून काही येण्याची आशा संपली. ज्या पुस्तकात चंदी, वैरण आणि पैसा यांवर एकही प्रकरण नाही, ते मोहिमेचं पुस्तक नव्हे.

नकाशा नसलेलं पुस्तक तर घ्यायचंच नाही. पानिपताच्या कथेत यमुना हे मोठं पात्र आहे. पावसाळाभर ती दुथडी वाहत होती. भाऊ अलीकडे दिल्लीत, अब्दाली पलीकडे, आणि कुणालाच ओलांडता येईना. भाऊ उत्तरेला कुंजपुऱ्याकडे गेले. ऑक्टोबर सरता सरता अब्दालीने दिल्लीच्या वर बागपताजवळ नदी पार केली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मधोमध येऊन बसला. म्हणजे लढाईच्या दिवशी मराठ्यांची तोंडं दक्षिणेला, आपल्या घराच्या दिशेला होती, आणि अफगाण फौज उत्तरेकडे तोंड करून उभी होती. हे उलटं चित्र पुस्तक वाचून तुझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं नाही, तर लेखकानेही ते बघितलेलं नाही. नकाशावर दिल्ली, बागपत, सोनपत, पानिपत, कर्नाल, कुंजपुरा आणि नदीचं पात्र, एवढं तरी हवं. शिवाय नदीने त्यानंतर पात्र बदललं असेल याची जाण असलेला लेखक भेटला, तर त्याची बाकीची पुस्तकंही मिळव.

शितावरून भाताची परीक्षा करायची असेल तर एक शीत मी तुला देतो. पानिपताची लढाई 'संक्रांतीच्या दिवशी' झाली असं कुठे वाचलंस, की थांब. हल्ली संक्रांत १४-१५ जानेवारीला येते म्हणून आपण दोन्ही एकत्र करून टाकतो. पण संक्रांत सूर्याच्या राशीवर चालते आणि इंग्रजी तारखेच्या मानाने हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंद जन्मले तो १२ जानेवारी १८६३ चा दिवस मकरसंक्रांतीचा होता. त्याच्याही शंभर वर्षं मागे गेलं की ती १० तारखेच्या आसपास जाते. दत्ताजी शिंदे बुराडीच्या घाटावर पडले ते १० जानेवारी १७६० ला, आणि तो दिवस संक्रांतीचा होता. दत्ताजींची संक्रांत लोकांनी पुढच्या वर्षीच्या लढाईला चिकटवली असावी. भाऊंची लढाई झाली त्या दिवशी पौष शुद्ध अष्टमी होती, वार बुधवार. संक्रांत तोवर होऊन गेलेली. एवढं तपासणाऱ्या लेखकाने बाकीचंही तपासलं असण्याचा संभव जास्त.

दोष देण्याची घाई कुणाला किती आहे, हेही बघायला शीक. पानिपत म्हटलं की आपल्याकडे आरोपी लागतो. कुणी भाऊंचा ताठा धरतो, कुणी मल्हारराव होळकरांचं निघून जाणं, कुणी गोविंदपंतांची हिशोबातली गडबड, कुणी सुरजमल जाटाचं दूर होणं, कुणी पुण्यातून पैसा न धाडणाऱ्या नानासाहेब पेशव्यांना. राजवाड्यांसारख्या महान संशोधकाने गोविंदपंत आणि मल्हारराव यांच्यावर बराच ठपका ठेवला. नंतरच्या अभ्यासकांनी तीच पत्रं वाचून वेगळा निवाडा दिला. राजवाड्यांचा अधिकार त्याने कमी होत नाही, कारण त्यांनी पत्रं छापून समोर ठेवली होती. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालता आला. पुरावा समोर मांडून मत देणारा लेखक तुला पटला नाही तरी तो तुझ्या कामाचा. सगळं खापर एकाच डोक्यावर फोडणारा, आणि त्याच्या बाजूचं एकही पत्र न दाखवणारा, तो बाजूला ठेव. सुरजमल सोडून गेला हे लिहिणाऱ्याने, लढाईनंतर उपाशी, जखमी मराठ्यांना त्याच सुरजमलाने आसरा दिला, हेही लिहायला हवं.

तसंच, ही लढाई दोन धर्मांची म्हणून सरळ रंगवणारं पुस्तक तुझी दिशाभूल करील. मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ इब्राहिमखान गारद्याच्या हाती होतं. तो शेवटपर्यंत झुंजला आणि कैदेत मारला गेला. अब्दालीच्या बाजूला शुजाच्या फौजेत अनुपगीर गोसाव्याचे नागे होते. विश्वासराव आणि भाऊ यांच्या देहांना अग्नी मिळावा म्हणून धडपड केली ती शुजाकडच्याच काशीराज आणि अनुपगीर यांनी. नजीबखान, शुजा, अब्दाली यांना प्रत्येकाला काय हवं होतं आणि कशाची भीती होती, हे सांगणारं पुस्तक घे. समोरच्या माणसाला नुसता राक्षस केलं की आपल्या माणसांचं शौर्यही खोटं वाटू लागतं, आणि ते खोटं नव्हतं.

पुस्तक कुठे संपतं तेही बघ. १४ जानेवारीच्या संध्याकाळी संपणारं पुस्तक अपुरं. २३ जून १७६१ ला पर्वतीवर नानासाहेब गेले. पायाने अधू होऊन परतलेले महादजी शिंदे दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, दिल्लीत मराठ्यांचा दबदबा पुन्हा बसवणाऱ्यांत होते. भाऊ जिवंत आहेत या आशेवर लोक वर्षानुवर्षं राहिले, इतके की तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड द्यावा लागला. हरलेल्या मोहिमेचं घराघरांत काय झालं, राज्याने कसा श्वास घेतला, हे कळल्याशिवाय मोहीम कळली असं मी मानत नाही.

कादंबरीबद्दल तू विचारशीलच. विश्वास पाटलांची 'पानिपत' १९८८ मध्ये आली आणि हजारो घरांत या विषयाचं वेड तिने लावलं. तू ती वाच. त्यातली माणसं मनात राहू दे. पण 'इतिहासात असं झालं' म्हणून कुणाला सांगताना कादंबरीचं पान पुढे करू नकोस. कादंबरीकाराला मनातलं बोलायची मुभा आहे, इतिहासकाराला नाही.

आता क्रम सांगतो. पहिलं त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१'. शेजवलकर डेक्कन कॉलेजात होते. त्यांनी आधी १९४६ मध्ये इंग्रजीत लिहिलं आणि लढाईला दोनशे वर्षं झाली तेव्हा, १९६१ मध्ये, मराठीत विस्ताराने. त्यांची मतं तिखट आहेत, काही तुला खटकतील. खटकू देत. पण पत्र, भूगोल आणि तारीख यांची सांगड कशी घालावी हे त्यांच्याकडून शिकावं. दुसरं, जदुनाथ सरकारांच्या मुघल साम्राज्याच्या पतनावरच्या ग्रंथाचा दुसरा खंड. फारसी साधनं तिथे भेटतात, म्हणजे पलीकडच्या छावणीतून दिसणारी मोहीम. तिसरं, रियासतकार सरदेसाईंच्या 'मराठी रियासती'तला पानिपताचा भाग. हे रियासतकार आपले शेजारी बरं का, निवृत्तीनंतर मावळात कामशेतला राहिले आणि १९५९ मध्ये तिथेच गेले. जदुनाथ कलकत्त्याहून त्यांच्याकडे कामशेतला येत. दोघांचे स्वभाव वेगळे, मतं वेगळी, आणि तरी पन्नासेक वर्षांचा स्नेह. मला या दोघांचा फार आदर वाटतो. अलीकडचं हवं असेल तर उदय कुलकर्ण्यांचं 'सोल्स्टिस अ‍ॅट पानिपत', २०११ सालचं. इंग्रजी आहे, पण तुला जड जाणार नाही.

ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास ग्रंथालयात दिसेल. त्याने मेहनत केली होती, कागदही बघितले होते, पण मराठ्यांचं राज्य बुडवणाऱ्यांचा तो अधिकारी होता. नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६० च्या दशकातच त्याच्या चुका दाखवून दिल्या. आधी कीर्तने वाच, मग डफ. जुन्या पुस्तकावरची टीका आधी वाचली की जुनं पुस्तकही नीट वाचता येतं.

विकत घ्यायला अप्पा बळवंत चौकातच जाशील. तो चौक ज्यांच्या नावाचा, त्या अप्पा बळवंत मेहेंदळ्यांचे वडील बळवंतराव हे भाऊंच्या छावणीतले मोठे सरदार. मुख्य लढाईच्या आधीच, डिसेंबरातल्या एका चकमकीत ते पडले. तू पानिपताचं पुस्तक शोधशील ती जागाच त्या घराच्या नावाची आहे, हे माहीत असू दे. पुनर्मुद्रण घेताना एक जपायचं. नव्या आवृत्तीत नकाशे आणि टिपा गाळलेल्या असतात कधी कधी. जुनी प्रत ग्रंथालयात बघून ये आणि मगच पैसे मोज. जुन्या बाजारात नकाशा फाटून गेलेली प्रत स्वस्त मिळते. ती घेऊ नकोस.

घरी आणल्यावर पुस्तकं भिंतीला टेकवून ठेवू नकोस. ताम्हिणीचा पाऊस आपल्या भिंतींतून आत येतो. कपाटात वेखंडाचे तुकडे फडक्यात बांधून ठेव, पोथ्या अशाच टिकल्या आहेत. पावसाळा सरला की पुस्तकं सावलीत वाऱ्यावर उघडी ठेव, कडक उन्हात नको.

हे सगळं वाचून झालं की पत्रांकडे जा. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी १९१० मध्ये काढलेलं. तिथे राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा १८९८ चा पहिला खंड माग. १७५० ते १७६१ ची पत्रं त्यात आहेत. मग रियासतकारांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडून छापलेल्या ४५ खंडांपैकी दुसरा माग, तो पानिपताचाच आहे. भाषा सुरुवातीला अडेल. मोडीतून उतरवलेली वाक्यं लांब असतात, महिने मुसलमानी असतात, तारखेच्या जागी चंद्र दिलेले असतात. जंत्री शेजारी ठेव आणि १७६० च्या ऑक्टोबरपासूनची पत्रं तारखेच्या क्रमाने लाव. एकेक पत्र वाचलं की शेजवलकरांनी त्याचं काय केलं ते बघ, मग जदुनाथांनी काय केलं ते बघ. जिथे दोघे वेगळं सांगतात तिथे पेन्सिलीने खूण कर, आणि ती वही घेऊन माझ्याकडे ये.